कोणी गावे आणि कोणी बोलावे

संगीत नाटकासाठी कथानक कसे निवडावे, असा प्रश्न नाट्यव्यवसायातील जाणत्या मंडळींना विचारला, तर बहुधा एकच उत्तर ऐकावयास मिळते, की कथा प्रेमाची असावी, तीत थोडा विरह असावा, शेवट गोड व्हावा आणि नायक-नायिकेची कामे करणारांना गळा असावा. या उत्तरात व्यवहार पुष्कळ आहे, पण विचार थोडा आहे. कारण प्रेम, विरह आणि गोड शेवट या तिन्हींचा मुबलक साठा असूनही आज ग्रंथालयाच्या यादीपलीकडे ज्यांचे नाव कोठे आढळत नाही अशी संगीत नाटके मराठीत ढिगाने लिहिली गेली, आणि उलटपक्षी दारूने एका घराची राखरांगोळी कशी झाली हे सांगणारे 'एकच प्याला' मात्र पदांसह लोकांच्या मनात घर करून राहिले. तेव्हा कथा गोड की कडू हा मुद्दा येथे गौण ठरतो, आणि कथेतील माणसे कोणत्या प्रकारची आहेत व ती कोणत्या पेचात सापडली आहेत, याची चौकशी आधी करावी लागते.

ही चौकशी करण्याची गरज मराठी रंगभूमीला प्रारंभापासून नव्हती. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' उभे केले, तेव्हा गाण्याचा सगळा मक्ता सूत्रधाराकडे होता. तो पदे म्हणून कथा पुढे नेई आणि राम, रावण, जनक ही पात्रे त्या पदांच्या अनुरोधाने आयत्या वेळी सुचेल ते भाषण करीत. गाणारा एक आणि भोगणारे दुसरे, अशी ती वाटणी असल्यामुळे कोणत्या पात्राने गावे हा प्रश्नच उद्भवत नव्हता. पुण्यात मुलकी कमिशनरच्या कचेरीत नोकरी करणाऱ्या बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले आणि पद सूत्रधाराच्या तोंडून काढून ज्याचे दुःख त्याच्याच मुखी घातले. मुंबईत सोकर बापूजी त्रिलोकेकर यांनी तत्पूर्वी 'नल-दमयंती'त तसा उपक्रम केला होता, तथापि महाराष्ट्राला त्याची चटक लावली ती किर्लोस्करांनी. आणि ज्या क्षणी पात्र स्वतः गाऊ लागले, त्या क्षणी नाटककाराच्या माथी एक नवीन जबाबदारी आली: या माणसाने आता बोलणे सोडून गावे, असे त्याच्या आयुष्यात नेमके काय घडले आहे, याचा जाब त्याला प्रेक्षकांपुढे द्यावा लागू लागला.

किर्लोस्करांनी पहिल्या प्रयत्नासाठी कालिदासाकडे धाव घेतली यात विद्वत्तेचा अभिमान असेल, पण त्याहून अधिक नाटककाराची समज आहे. 'शाकुंतला'ची कथा प्रेक्षकाला आधीच ठाऊक होती. पद म्हणजे कथेचा थांबा. आणि पुढे काय होणार या उत्सुकतेने ज्याचा जीव टांगणीला लागला आहे, त्याला असा थांबा सोसत नाही. कथा माहीत असली, की काय होणार यापेक्षा जे होणार ते या माणसाला कसे सोसेल इकडे मन वळते, आणि पद त्याच प्रश्नाचे उत्तर असते. शिवाय कालिदासाने आपल्या नाटकात गाण्याच्या जागा आधीच आखून ठेवल्या होत्या. तिसऱ्या अंकात शकुंतला कमलपत्रावर नखाने प्रेमपत्रिका लिहिते, ती समोर बोलण्याची सोय नाही म्हणून. पाचव्याच्या आरंभी हंसपदिका राणी पडद्याआड गाते, ती राजाला तोंडावर बोल लावता येत नाही म्हणून. कण्वाचे तर काय सांगावे! संसाराचा त्याग केलेल्या या वृद्ध तपस्व्याला मुलीला सासरी पाठविताना जे होते, त्याला त्याच्या आश्रमधर्मात मुळी नावच नाही. आता याच्या शेजारी दुर्वासाला उभा करून पाहा. कालिदासाने त्याची शापवाणी नेपथ्यातून नुसती ऐकविली आहे. दुर्वासाने इच्छिले ते उच्चारताच सिद्ध होते. त्याच्या इच्छेपुढे कोणताही अडसर नाही, आणि म्हणून त्याच्यापाशी गाण्याजोगे काहीच नाही. संगीत नाटकाच्या पात्रनिवडीचे मर्म मला तरी या दोन ऋषींच्या तफावतीत सापडते. वाहत्या ओढ्याला बांध घातला म्हणजे पाणी तुंबते, चढते आणि अखेर बांधावरून उसळू लागते, तशी ज्याची इच्छा अडली आहे, कृतीने तिला वाट करून देता येत नाही आणि नेहमीच्या बोलण्यात ती मावत नाही, तो माणूस गाऊ लागला तर प्रेक्षकाला नवल वाटत नाही.

'सौभद्र' या दृष्टीने पाहिले तर थक्क व्हावयास होते. त्याचे पहिले तीन अंक १८८२ च्या नोव्हेंबरात आणि संपूर्ण नाटक पुढच्या वर्षी रंगभूमीवर आले. शकुंतलेनंतर सुभद्रेचेही काम भाऊराव कोल्हटकरांनी गाजविले. कथानक म्हणावे तर एवढेसे: बलरामाने बहिणीचे लग्न दुर्योधनाशी ठरविले आहे, तिचे मन अर्जुनावर आहे आणि कृष्ण पडद्याआडून अर्जुनाच्या बाजूचे डाव टाकीत आहे. यात युद्ध नाही, मृत्यू नाही, खरा खलपुरुषही नाही. बलराम हट्टी आहे, पण त्याचा हट्ट वडीलकीचा आहे. असे असता हे नाटक पदांनी ओसंडून का जाते? याचे कारण असे, की किर्लोस्करांनी प्रत्येक पात्राच्या तोंडाला एकेक कुलूप लावले आहे. सुभद्रा राजकन्या, तेव्हा थोरल्या भावापुढे आपल्या लग्नाची गोष्ट काढणे तिच्या मर्यादेत बसत नाही. अर्जुन त्रिदंडी संन्याशाच्या वेषात खुद्द बलरामाच्या आमंत्रणावरून त्याच्याच घरी उतरला आहे, आणि यतिमहाराजांच्या सेवेस त्या भोळ्या भावाने सुभद्रेलाच तैनात केले आहे! जिच्यासाठी हा सारा खटाटोप, ती समोर बसली आहे आणि याने डोळे मिटून विरक्तीचे सोंग वठवायचे आहे. ती त्याला ओळखत नाही आणि त्याला स्वतःची ओळख देण्याची मुभा नाही. यापुढे संवाद लिहिणे जवळजवळ अशक्य. पद लिहिणे मात्र अपरिहार्य. कृष्णाला सगळे ठाऊक आहे, पण तो रुक्मिणीलाही पुरते सांगत नाही, त्यातून तिचा रुसवा निघतो आणि रुसव्यातून आणखी पदे निघतात. नारद तर व्यवसायानेच गवई. वेषांतर हा संगीत नाटकाचा इतका आवडता तोडगा का झाला, याचे उत्तर या नाटकात आहे. वेष बदललेला माणूस चारचौघांत खोटे बोलण्यास बांधलेला असतो आणि खरे सांगण्यासाठी त्याला फक्त पद उरते.

मात्र हा नियम गोविंद बल्लाळ देवलांनी जितका नेमका ओळखला, तितका खुद्द किर्लोस्करांनीही ओळखला नसावा, असे म्हणण्याचे धाडस मी करतो. देवल हे किर्लोस्करांच्याच तालमीत वाढलेले, पदरचनेत कोणालाही हार न जाणारे. तरीही शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'वरून त्यांनी १८९० साली 'झुंझारराव' लिहिले ते गद्यात. हीच कथा तीनच वर्षे आधी, १८८७ मध्ये, इटलीतील मिलान शहरी व्हेर्दीने ऑपेराच्या रूपात सादर केली होती, आणि तीत ऑथेल्लो गातो, त्याची पत्नी गाते, इतकेच काय पण कपटी इयागोदेखील आपल्या नास्तिक पापबुद्धीचा जाहीरनामा गाऊनच देतो. एकाला जे साधले ते दुसऱ्याने टाळले, यात कोणाचे चुकले असे नाही. ऑपेरात आरंभापासून अखेरपर्यंत स्वर हीच भाषा असते. तेथे कोणी गावे हा प्रश्न नसून कोणी कसे गावे एवढाच असतो. आपल्या संगीत नाटकात बोलणे आणि गाणे पाळीपाळीने चालतात, म्हणून बोलता बोलता जो गाऊ लागला त्याने आपले अंतःकरण उघडले, असा एक करार प्रेक्षकांशी आपोआप होतो. इयागोचा सगळा धंदाच अंतःकरण झाकण्यावर चालतो. तो गाऊ लागला तर त्याचे कपट आपल्या रंगभूमीच्या रिवाजाप्रमाणे तेथेच फुटेल. आणि एका रुमालावरून निघालेला संशय ज्या वेगाने त्या बिचारीच्या गळ्यापर्यंत पोहोचतो, त्या वेगात पदासाठी थांबणार कोण? मूळ नाटकात शेक्सपिअरने एक हृदयद्रावक गाणे घातले आहे खरे, परंतु ते मरणाच्या रात्री शेजघरात बसलेल्या, काय चुकले हे न कळणाऱ्या त्या निरपराध पत्नीच्या तोंडी, हेही येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

संशयाचीच दुसरी एक कथा देवलांच्या हाताखालून दोनदा गेली, आणि संगीत नाटकाचा अभ्यास करणाऱ्याला याहून चांगला पुरावा मिळणे कठीण. मोलिएरच्या एका प्रहसनावरून आर्थर मर्फी या आयरिश नाटककाराने रचलेले नाटक घेऊन देवलांनी १८९३ च्या सुमारास 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' हे गद्य नाटक केले, आणि पुढे आयुष्याच्या अखेरीस त्यालाच पदे घालून 'संशयकल्लोळ' सिद्ध केले, ते १९१६ मध्ये गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. घोटाळा तोच: रस्त्यात सापडलेली तसबीर फाल्गुनरावाच्या बायकोच्या, कृत्तिकेच्या, हाती, ती पाहून नवऱ्याच्या डोक्यात भूत, मूर्च्छा आलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतो, ते पाहून बायकोच्या डोक्यात भूत. संशय चौघांनाही ग्रासतो, पण पदांचा मोठा वाटा देवलांनी अश्विनशेट आणि रेवती या प्रेमिकांच्या पदरात टाकला आणि फाल्गुनरावाला बोलण्याचा धनी ठेवले. ही वाटणी किती शहाणपणाची! फाल्गुनरावाचा संशय म्हणजे अखंड हिशेब आहे. कोण केव्हा आले, कोणाकडे पाहिले, काय म्हणाले, याचे जाबजबाब घेत तो घरभर हिंडतो, आणि हिशेबी माणसाच्या मनात स्वराला शिरण्यापुरतीही फट नसते. रेवतीचे तसे नाही. ती कलावंतिणीच्या घरची मुलगी. तिला कुलवधू व्हावयाचे आहे आणि आपल्या जन्मामुळे आपल्यावर कोणी पुरता विश्वास टाकणार नाही ही भीती तिच्या हसण्याखाली सतत वावरते. गाणे तिच्या घरचेच, आणि गाऊन सांगावे असे दुःखही तिच्यापाशीच. गणपतराव बोडस यांनी फाल्गुनरावाची भूमिका अजरामर केली ती गद्याच्या बळावर. त्यांचा तो रोखठोक गद्य थयथयाट शेजारी होता म्हणूनच अश्विनशेट-रेवतीची पदे कानाला अधिक गोड लागली. संगीत नाटकाला चांगले न-गाणारे पात्र मिळणे हे चांगला गायक मिळण्याइतकेच भाग्याचे असते, ही गोष्ट आपल्या मंडळ्यांनी पुढे पुढे विसरून टाकली आणि द्वारपालापर्यंत सर्वांना ताना मारावयास लावले.

'शारदे'बद्दल येथे विस्ताराने लिहिण्याचे कारण नाही. १८९९ मध्ये आलेल्या या नाटकाने बाला-जरठ विवाहाच्या प्रश्नावर समाजाला हलविले, हे सर्वविदित आहे. लक्षात इतकेच घ्यावे, की ज्या घरात मुलीच्या लग्नाचा सौदा बाप आणि मध्यस्थ ठरवितात आणि मुलीला त्यावर अवाक्षर काढण्याची सोय नाही, त्या घरातल्या मुलीला देवलांनी पदांच्या वाटेने प्रथमच वाचा दिली. सामाजिक विषय संगीताला मानवत नाहीत, असे आजही काही विद्वान म्हणतात. विषय मानवतो की नाही हे विषयावर अवलंबून नसते. त्यात कोणाचे तोंड दाबले गेले आहे, यावर ते ठरते.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या बाबतीत तर एकच लेखणी दोन्ही बाजूंना साक्षीस उभी राहते. लोकमान्यांच्या 'केसरी'त काम करणाऱ्या या पुरुषाने १९०७ साली 'कीचकवध' लिहिले ते गद्य. त्यात कीचकाच्या मिषाने कर्झनशाहीवर केलेला मारा सरकारने ओळखला आणि १९१० मध्ये नाटकावर बंदीचा हुकूम काढला. पुढे १९२० मध्ये याच खाडिलकरांनी याच महाभारतातून याच स्त्रीला उचलून 'द्रौपदी' हे संगीत नाटक गंधर्व मंडळीसाठी लिहिले. मंडळीने नेपथ्यावर पैसा ओतला, बालगंधर्वांसारखा गायक-नट भूमिकेला लाभला, आणि तरीही 'मानापमान' वा 'स्वयंवर' जसे लोकांच्या जिव्हाळ्याचे झाले तसे हे नाटक झाले नाही. 'कीचकवधा'तील सैरंध्रीचा, म्हणजे दासीच्या वेषातील द्रौपदीचा, अपमान क्षणाक्षणाला सूडाकडे धावत असतो; धर्मराज थांबा म्हणतो, भीम थांबत नाही, आणि प्रेक्षकही थांबावयास तयार नसतो. राजसभेत विटंबना झालेली द्रौपदी याहून वेगळी नाही. तिच्या संतापाला न्याय हवा, आलाप नको. संताप आणि स्वर यांचे हाडवैर आहे असे मात्र मी म्हणणार नाही. वीर वामनराव जोशी यांच्या 'रणदुंदुभी'त, १९२७ साली, दीनानाथ मंगेशकरांच्या तेजस्वी गळ्यातून पारतंत्र्याची चीड अशी काही गर्जून उठली, की श्रोत्यांचे रक्त तापले. परंतु त्या चिडीला शत्रूवर तत्काळ हात टाकता येत नव्हता, ती वर्षानुवर्षे कोंडलेली होती, म्हणून ती गाऊ शकली. भीमाला गदा उपलब्ध आहे; त्याला पद कशाला?

'मानापमान' १२ मार्च १९११ रोजी मुंबईत प्रथम झाले. गरिबीमुळे धैर्यधर सेनापतीचा अव्हेर करणारी गर्विष्ठ भामिनी पुढे वनमालेच्या वेषात त्याच्याच छावणीत जाते आणि ज्याला नाकारले त्याच्यावरच जीव जडवून बसते. आपण कोण हे सांगावे तर तो तोंड फिरवील आणि न सांगावे तर प्रीती खोटी ठरेल, असा हा पेच. सेनापती असूनही धैर्यधर गातो ते प्रेक्षकाला खटकत नाही, कारण आपण त्याला युद्धाच्या धामधुमीत फार थोडे भेटतो आणि मानभंगाच्या जखमेसह पुष्कळ भेटतो. गोविंदराव टेंब्यांच्या चालींनी या पेचाला जो झगमगाट दिला, त्याचा कळस ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत झालेल्या संयुक्त 'मानापमाना'त पाहावयास मिळाला. टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर एकाच रंगमंचावर आले. दोघे प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे धनी, त्यामुळे कथेतील मान-अपमानाच्या चुरशीला बाहेरच्या चुरशीची धार चढली असल्यास नवल नाही. 'स्वयंवरा'त तर खाडिलकरांनी कथानक जवळजवळ काढूनच टाकले. रुक्मिणीने कृष्णाला मनाने वरले आहे, भाऊ रुक्मी शिशुपालासाठी अडून बसला आहे, आणि राजकन्येने वाट पाहायची आहे. वाट पाहणे हाच त्या नाटकाचा व्यापार! भास्करबुवा बखल्यांनी त्या प्रतीक्षेच्या प्रत्येक छटेला एकेक राग बहाल केला, आणि १९१६ पासून पुढे किती पिढ्यांनी ती प्रतीक्षा कानांनी भोगली.

आता 'एकच प्याला'. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी वारले आणि नाटक त्यानंतर महिन्याभरात, २० फेब्रुवारीला, बडोद्यास रंगभूमीवर आले. पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी रचली. एकाचे गद्य आणि दुसऱ्याची पदे, असा हा संसार मोडकळीस यावयास हवा होता. तो टिकला याचे श्रेय पदे कोणाला द्यावी या निवडीला आहे. सुधाकराच्या तोंडी पद नाही. बुद्धिमान वकील, सनद रद्द झाल्याच्या मानहानीतून प्याल्याकडे वळलेला आणि प्रत्येक घोटाबरोबर आपल्या अधोगतीचे विलक्षण स्वच्छ विश्लेषण करणारा हा मनुष्य अखेरपर्यंत बोलत राहतो. कारण त्याच्या इच्छेला बाहेरून कोणी अडविलेले नाही, तिला पाहिजे ते तिने मिळविले आहे आणि तीच त्याला खात आहे. स्वतःच्या व्यसनाचे समर्थन करणाऱ्या माणसाने सुरात गावे, तर त्याच्याविषयी वाटणारी भीती विरघळून खोटी सहानुभूती तेवढी शिल्लक राहील. गाते ती सिंधू. माहेरच्या वैभवातून दळणाच्या जात्यापर्यंत येऊन पोहोचलेल्या सिंधूला नवऱ्याविरुद्ध शब्द उच्चारावयाचा नाही, बापाकडे परतावयाचे नाही, आणि घरात जे चालले आहे ते थांबविण्याची शक्तीही तिच्यापाशी नाही. जात्यावर बसलेली बाई गाते हे तर मराठी घरांत युगानुयुगे चालत आलेले. गुर्जरांना तेथे नवे काही शोधून काढावयाचे नव्हते. बोडसांचा सुधाकर आणि बालगंधर्वांची सिंधू यांनी ही वाटणी इतकी ठसविली, की पुढे कोणाला ती उलटी करण्याची छाती झाली नाही. सिंधूच्या या मुकाट सोसण्यावर आजच्या वाचकाने आक्षेप घ्यावा, आणि तो सार्थही आहे. पण तिचे गाणे त्या आक्षेपाने खोटे ठरत नाही.

यानंतरचा काळ संगीत नाटकाच्या वैभवाचा आणि ऱ्हासाचा एकदमच आहे. वन्समोअरच्या फर्माईशी वाढल्या, एकेक पद अर्धा अर्धा तास चालू लागले, आणि गायक पात्राच्या बाजूने गातो आहे की स्वतःच्या, हे समजेनासे झाले. बोलपट आल्यावर प्रेक्षकांची रात्रभर जागण्याची हौस ओसरली. १९३३ साली नाट्यमन्वंतर संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' केली तेव्हा पदे मोजकी, भावगीताच्या अंगाची आणि प्रसंगातून उगवणारी ठेवली; मो. ग. रांगणेकरांच्या 'कुलवधू'त, १९४२ मध्ये, नायिका स्वतःच नटी होते आणि ज्योत्स्ना भोळे यांनी रंगविलेल्या त्या भानुमतीला गाण्यासाठी निराळे निमित्त शोधण्याची गरज उरत नाही. हा मार्ग सोयीचा होता, पण त्यात एक धोका होता. गाणे हा पात्राचा व्यवसाय केला, की ते कोठेही गाऊ शकते. आणि कोठेही गाता येऊ लागले, की कोठल्याच गाण्याची निकड उरत नाही.

या धोक्याच्या तोंडात शिरून त्यातून सहीसलामत बाहेर आलेले नाटक म्हणजे पुरुषोत्तम दारव्हेकरांचे 'कट्यार काळजात घुसली'. डिसेंबर १९६७ मध्ये ते आले तेव्हा जितेंद्र अभिषेकींचे संगीत आणि वसंतराव देशपांडे यांचे खाँसाहेब आफताब हुसेन यांचा बोलबाला साहजिकच अधिक झाला, परंतु कथेची बांधणी पाहावी. विश्रामपूर संस्थानच्या राजगायकाला मानाची कट्यार मिळते आणि तिच्याबरोबर एक खून माफ असतो; पंडित भानुशंकरांचा शिष्य सदाशिव खाँसाहेबांकडे विद्या मागावयास येतो, ती मिळत नाही, म्हणून चाकरी पत्करून चोरून ऐकतो. गवयांच्या गोष्टीत गाणे असणारच, असे म्हणून दारव्हेकर थांबले नाहीत; त्यांनी गाणे हीच नाकारली गेलेली वस्तू केली. ज्याला सर्वांत जास्त गावयाचे आहे त्याला गाण्याची बंदी आहे. आणि खाँसाहेब? त्यांचे गाणे जितके सुंदर, तितका त्यांचा अन्याय प्रेक्षकाला बोचतो. असा दुहेरी ताण साध्या मैफलीत कोठून यावा?

त्याच दशकात वसंत कानेटकरांनी 'रायगडाला जेव्हा जाग येते' आणि 'मत्स्यगंधा' ही दोन नाटके दोन वर्षांच्या अंतराने एकाच संस्थेला, म्हणजे गोवा हिंदु असोसिएशनला, दिली. पितापुत्रांच्या मनभेदाची पहिली कथा गद्य राहिली, पराशराने सोडून दिलेल्या सत्यवतीची दुसरी संगीत झाली. शिवाजी आणि संभाजी यांच्यात जे अडले आहे ते कडाडून बोलण्यानेच सुटेल वा तुटेल, असे कानेटकरांना वाटले असावे.

आतापर्यंत मी गाणे म्हणजे उघडलेले अंतःकरण असे गृहीत धरून चाललो. विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाला'ने १९७२ मध्ये त्या गृहीतालाच सुरुंग लावला. तेथे ब्राह्मणांची एक सलग भिंत उभी आहे; ती गाते, डुलते, कीर्तन करते, आणि तिच्या आड नाना फडणविसाच्या पुण्यातील सारे दुराचार चालतात. भास्कर चंदावरकरांनी लोकसंगीत आणि कीर्तनाच्या चाली वापरल्या त्या कोणाचे मन उलगडण्यासाठी नव्हेत, झाकण्यासाठी. एकट्या माणसाचे गाणे ज्या नियमाने चालते, तो नियम समूहाला लागू नाही, एवढे या प्रयोगावरून कबूल करावे लागते. समूहाला कोणी अडविलेले नसते, समूहच इतरांना अडवितो, आणि तसे करताना तो मोठ्या आनंदाने गातो.

शेवटी एक परदेशी दाखला, कारण त्याची एक शाखा आपल्या अंगणात आली आहे. बर्नार्ड शॉच्या एका नाटकावरून व्हिएन्नात १९०८ साली संगीतिका झाली, त्याचा त्याला असा उबग आला की हयात असेपर्यंत 'पिग्मॅलियन'ला त्याने कोणाला स्वर लावू दिला नाही. १९५० मध्ये तो वारल्यावर रॉजर्स आणि हॅमरस्टाइन या नामांकित जोडीने तो विषय हाती घेऊन अर्ध्यावर सोडला, आणि लर्नर व लो यांनी १९५६ मध्ये त्याची 'माय फेअर लेडी' केली. नुसत्या वादविवादाचे नाटक गाणार कसे, ही शंका रास्त होती. परंतु त्यात एक फुलवाली आहे, जिला सुखाचे जिणे हवे आणि तिथवर पोहोचण्यासाठी लागणारी वाणीच तिच्यापाशी नाही. शब्द अक्षरशः तिच्या ओठांवर अडतात. तो उच्चार एके रात्री साधतो, तेव्हा तिघेजण गाऊ लागतात, आणि ते अगदी स्वाभाविक वाटते. उलट प्राध्यापकापाशी जगातले सगळे शब्द आहेत, आणि ती भूमिका करणारा रेक्स हॅरिसन गायक नसल्यामुळे त्याच्या वाट्याची पदे लयीत बोलल्यासारखी म्हणविण्यात आली. अडचणीतून निघालेला हा उपाय पात्राच्या स्वभावाला चपखल बसला.

याच 'पिग्मॅलियन'वरून पु. ल. देशपांड्यांनी 'ती फुलराणी' १९७५ मध्ये रंगभूमीवर आणली. स्वतः संगीतकार असलेल्या या लेखकाला त्यातील फुलवालीसाठी, मंजुळेसाठी, चाली बांधणे अवघड नव्हते. तरी त्यांनी संगीत नाटक केले नाही. भक्ती बर्वे यांनी गाजविलेले मंजुळेचे ते स्वगत, ज्यात ती मास्तराला धडा शिकविण्याची स्वप्ने रंगविते, धड गद्य नाही आणि धड पदही नाही. ते ताल धरते, यमके जुळविते आणि स्वराच्या उंबरठ्याशी येऊन थबकते. मंजुळेच्या त्या चडफडीत निम्मी असहायता आहे आणि निम्मा पक्का बेत आहे. असहायतेने तिला गाण्याकडे ओढले, बेताने बोलण्यात अडकवून ठेवले, आणि पु.लं.नी दोघांचेही ऐकले.